सीट नंबर तीन

६ नोव्हेंबर २००२, बुधवार. भाऊबीज

दीपक आला. दीपक म्हणजे सौ.चा धाकटा भाऊ, मुंबईला ऑडिओच्या दुकानात भागीदार. बहिणीला साडी आणली आणि माझ्यासाठी एक काळा डबा. साडीला दहापैकी पाच, रंग पोपटी म्हणून. डब्याला अजून मार्क दिलेले नाहीत. आधी परीक्षा, मग मार्क, हा सव्वीस वर्षं मास्तरकी करून अंगी बाणलेला नियम आहे.

हा साधा डबा नव्हे. सीडीवर गाणं नसतं, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी सोय प्रत्येक सीडी प्लेअरच्या पोटात असते, पण ती आपली हलक्या प्रतीची. खरे दर्दी लोक ते काम वेगळ्या यंत्राकडे सोपवतात. त्याला म्हणतात डी टू ए कन्व्हर्टर, थोडक्यात डॅक. फराळ करता करता मी हे सगळं सौ.ला नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अगोबाई, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आकडे ऐकत होतात?" दीपक खो खो हसला. मेहुण्यांना हसायला कारण लागत नाही.

डबा एक डिसेंबरपर्यंत माझ्याकडे. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत. निघताना दीपकने कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बघून विचारलं, "ताई, गवसणी काढतेस का गं कधी?" ताई म्हणाली, "चकल्या देऊ का बांधून?"

१० नोव्हेंबर, रविवार

आज आमची श्रवणसभा. दर रविवारी चार वाजता, माझ्या पुढच्या खोलीत. सभासद तीन. मी, शेजारचे आप्पा (आंब्याची बाग आहे, सभेत झोपतात) आणि काशीराम. काशीराम आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, एकवीस वर्षं माझी भिंगं पुसतोय. सौ.च्या आंबोळ्यांसाठी लोक सभेला येतात असा एक प्रवाद गावात आहे. त्यात तथ्य नाही.

रत्नागिरीत कुणी टेप घेतला, स्पीकर घेतले, की आधी मला बोलावतात. "खांबेटे सरांचा कान" असं म्हणतात. मी म्हणवून घेत नाही, लोकच म्हणतात. मी दहापैकी मार्क देतो आणि यंत्र राहतं किंवा जातं.

आज आप्पांचा दुरुस्त केलेला रेडिओ द्यायला रघू आला. एसटी स्टँडजवळ त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. माझाच विद्यार्थी, भौतिकशास्त्रात शंभरपैकी अठ्ठावीस. काळा डबा बघून म्हणाला, "सर, ह्यो मी पन बनवलाय येक."

मी म्हटलं, "रघू, ह्यात भौतिकशास्त्र असतं रे बाबा."

"असू दे की. तुमी निस्तं आयका तरी."

काशीराम लगेच मध्ये पडला. "सर, दोगांची परीक्षा घ्या. दूध का दूध." एक डिसेंबर ठरला. विलायती विरुद्ध एसटी स्टँड. निकाल मला आजच माहीत आहे, पण न्यायाने वागलं पाहिजे.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीची सुट्टी, म्हणून सकाळभर टेपने मोजमाप केलं. डॅक आला की त्याला रॅक हवा, आणि रॅकला योग्य जागा खोलीत एकच. तिथे तंबोरा उभा आहे. सौ.च्या वडिलांनी लग्नात मिरजेहून आणून दिलेला. एकोणीस वर्षं गवसणीत आहे. झाडताना तेवढा हलतो.

सौ. लग्नाआधी गायची. लग्नानंतरही सहा महिने गायली, रोज सकाळी. एकदा तिने मला विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, पंचम किंचित उतरतो, सहा मार्क. विचारलं म्हणून सांगितलं. खोटं कशाला सांगायचं? पुढे घरकामातून तिला वेळ मिळेना आणि गाणं आपोआप मागे पडलं.

तेव्हा मी आज सुचवलं, की खालच्या आळीत दर्शनाताईंचा गाण्याचा क्लास आहे, त्या तुझ्या जुन्या मैत्रीण, तंबोरा त्यांना देऊन टाकू. मुली वाजवतील. वस्तू वापरात येईल. सौ. तांदूळ निवडत होती. "बरं," म्हणाली. एका शब्दात! समजूतदारपणाला दहापैकी दहा. दर्शनाताई एक तारखेला येऊन घेऊन जातील.

दुपारच्या आमटीत मात्र मीठ दुप्पट पडलं होतं. तीन.

१६ नोव्हेंबर, शनिवार

रघूचं यंत्र आलं. हसू की रडू! मिसळणाच्या डब्यात बसवलंय. स्टीलचा, गोल, आत वाट्यांच्या जागी तारा. झाकण उघडलं की हिंगाचा वास. मी म्हटलं, हा डबा ओळखीचा वाटतो. सौ. आतून म्हणाली, "मीच दिला त्याला. झाकण सैल झालं होतं."

घरातलीच माणसं शत्रुपक्षाला दारूगोळा पुरवतात. काय बोलायचं?

२० नोव्हेंबर, बुधवार

परवा शाळा सुरू झाली. आज सौ. बाजारात गेली असताना मी दोन्ही डबे एकामागून एक लावून ऐकले. एकूण अकरा वेळा.

हे फक्त इथे लिहितो. मला फरक कळत नाही.

विलायती लावला की वाटतं हा उत्तम. मिसळणाचा लावला की वाटतं, हाच तर तो. बाराव्या वेळी लावायला घाबरलो. वय एक्कावन्न. शाळेत माझ्या हाताखालची पोरं हेडमास्तर झाली, त्याचं मला काही नाही. पण गावात कानाला मान आहे. तो गेला तर खांबेटे म्हणजे कोण? पांढरी पँट घालून सायकलवरून जाणारा एक माणूस. एक तारखेला सगळ्यांसमोर विचारतील, सर, सांगा. आणि मी काय सांगू?

परीक्षा रद्द करावी काय? पण काशीरामने शाळेतल्या शिपायांपासून गणिताच्या जोशीबाईंपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलंय.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

कालच्या पानावर हळदीचा डाग आहे. वही कपाटात, कपाट बंद. हळद कुठून आली? पाली हळद खात नाहीत.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आप्पा फाटकाशी भेटले. "काय हो श्यामराव, हल्ली दुपारी रेडिओ मोठ्यानं लावता. पण बरा असतो. मी खाट इकडच्या पडवीत घेतली."

दुपारी मी शाळेत असतो. म्हणजे रघू येऊन डबा तापवून बघत असणार. परीक्षेआधी पेपर फोडणं म्हणतात ते हेच. शाळेतही असाच होता. सौ.ला विचारलं, रघू दुपारी येतो का? ती म्हणाली, "येतो कधीकधी. तारा बघायला."

कचऱ्याच्या डब्यात तारांच्या पाकिटाचे कागदही सापडले. "मिरज" असं छापलेलं. मिरजेच्या तारा डॅकमध्ये घालतो हा मुलगा! अठ्ठावीस मार्क जास्तच झाले होते.

सौ. हल्ली चहात मध घालून पिते. घसा बसलाय म्हणते. थंडी पडली, दुसरं काय.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

युक्ती सुचली. शाळेत आपण उत्तरपत्रिकेवर नाव ठेवत नाही, सीट नंबर ठेवतो. इथेही तसंच. खोलीत आडवी दोरी बांधून चादर लावायची. चादरीमागे स्पीकर, प्लेअर, डबे सगळं. रघू आतून लावणार. मी बाहेर बसून कागदावर मार्क आणि शेरा लिहिणार. कुठला नंबर कुठल्या डब्याचा, मला माहीत नाही. मग काहीही लिहिलं तरी निदान पक्षपात केला असं कोणी म्हणणार नाही. चुकलं तर नंबरांची गफलत झाली म्हणता येईल. (हे शेवटचं वाक्य खोडायचं राहिलं.)

सौ.ला योजना सांगितली. तिला एवढी आवडली, की तिने चादर स्वतः धुवायला काढली. शेरे काशीरामने मोठ्याने वाचायचे, ही सूचनाही तिचीच. "म्हणजे पारदर्शक होईल हो," म्हणाली. चांगली सूचना. नऊ.

३० नोव्हेंबर, शनिवार

काशीराम म्हणतो, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय परीक्षा नाही. त्याच्या गावी शिमग्यात तोच गाऱ्हाणं घालतो. मी विज्ञानाचा शिक्षक. परवानगी दिली. नारळ माझा.

तंबोऱ्याच्या गवसणीची नाडी सुटलेली दिसली. गाठ मारायला गेलो तर सौ. म्हणाली, "राहू द्या. उद्या जायचाच आहे तो." असं म्हणताना हसली. मला वाटलं होतं, थोडं तरी वाईट वाटेल तिला.

१ डिसेंबर, रविवार

जमेल तसं लिहितो.

चार वाजता सगळे जमले. आप्पा, काशीराम, रघू आणि तंबोरा न्यायला आलेल्या दर्शनाताई. सौ. आत आंबोळ्या करते म्हणाली. आंबोळ्यांचा वास येत नव्हता, पण माझं लक्ष कुठे होतं! तंबोरा कोपऱ्यात नव्हता. दर्शनाताई म्हणाल्या, "आत नीट बांधून ठेवलाय, जाताना नेते." ठीक.

काशीरामने नारळावर हात ठेवला. आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! आज खांबेटे सरांच्या घरात तुजी लेकरं जमली हायत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"ज्याचा आवाज खरा, त्येला यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनि ह्या घरातला जो आवाज कैक वर्सं कोपऱ्यात बसलाय, त्येला भायेर काड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने मी ओरडलो. मला वाटलं, आमच्या स्पीकरबद्दल बोलतोय.

रघू चादरीमागे गेला. "सर, सीट नंबर येक!"

भीमपलासी लागला, माझ्याच सीडीतला, एका बुजुर्ग गायिकेचा. पाच मिनिटं ऐकला. मग सीट नंबर दोन, तोच तुकडा पुन्हा. मी डोळे मिटले, मान डोलावली, कागदावर लिहिलं. काय लिहिलं ते देव जाणे. आप्पा घोरायला लागले.

मी कागद घड्या घालून काशीरामकडे देणार, तेवढ्यात आतून रघू म्हणाला, "सर, अजून येक हाय. बाहेरून बसलाय परीक्षेला. सीट नंबर तीन."

बाहेरून फॉर्म भरलेल्या मुलालाही पेपर द्यावाच लागतो. म्हटलं, बसव.

आधी नुसता तंबोरा वाजला. आणि मी डोळे मिटायचे विसरलो. तारेवर तार घासून जो गोडवा सुटतो ना, तो सगळा खोलीत आला. मग एक बाई गायला लागली. भीमपलासीच, साधे आलाप. मध्यमावर येऊन थांबली आणि माझ्या अंगावर काटा आला. पंधरा दिवस मी दोन डब्यांमध्ये जे शोधत होतो आणि सापडत नव्हतं, ते हे होतं. मला फरक कळत होता! स्वच्छ, लख्ख कळत होता. कान शाबूत आहे म्हणून मी एवढा खूश झालो, की अर्धा कागद भरून शेरा लिहिला. आप्पा जागे झाले. बाकीची दोघं माझ्या पेन्सिलीकडे बघत होती.

गाणं थांबलं. काशीरामने कागद उघडले.

"सीट नंबर येक. साडेसात मार्क. शेरा : आवाजाला विलायती झिलई आहे. खर्जात भारदस्तपणा, तारसप्तकात चमक. सीट नंबर दोन. चार मार्क. शेरा : डब्यातून आल्यासारखा वाटतो. मसालेदार पण पोकळ."

चादरीमागून रघू बाहेर आला. चेहरा गंभीर. "सर, दोनी डबे आत ओट्यावर हायत. विलायती डब्यावर पिठाचं पातेलं ठेवलंय. येक नंबरला आनि दोन नंबरला निस्ता तुमचा प्लेअरच वाजला. तोच. तसाच."

कुणी हसलं नाही, हे मात्र खरं. आप्पा फक्त म्हणाले, "म्हणजे साडेसात आणि चारची बेरीज भागिले दोन करायची का?"

कानशिलं तापली. संपलं. उद्या शाळेत, परवा गावात. मी उठायला लागलो.

"बसा हो," दर्शनाताई म्हणाल्या. "तिसरा कागद राहिला. वाच रे काशीराम."

काशीरामने घसा साफ केला. "सीट नंबर तीन. यंत्राला धा पैकी धा. यंत्र मध्ये आहे असं वाटतच नाही. तंबोरा खोलीत आहे असा भास होतो. गाणारी बाई कोण ते ओळखलं नाही, आवाज कुठेतरी ऐकलेला आहे. पंचम किंचित उतरतो. रियाज बरीच वर्षं सुटलेला. गळा मात्र अस्सल, नीट गाती तर आज मोठी झाली असती." इथे काशीराम अडखळला. माझ्याकडे बघितलं.

"वाच की," मी म्हटलं.

"असं गाणं ज्याने सुटू दिलं, तो मानूस गाढव असला पाहिजे."

चादर सरकली. दोन स्पीकरांच्या मधे चटईवर सौ. बसली होती. पोपटी साडी, मांडीवर तंबोरा, नव्या तारा लावलेला.

पंचम किंचित उतरतो. एकोणीस वर्षांपूर्वीही मी हेच म्हटलं होतं, हेच शब्द. तेव्हा ती समोर होती आणि मी पंचम ऐकला. आज ती दिसत नव्हती तेव्हा कुठे बाकीचं ऐकू आलं. गाढव हा शब्द माझा, अक्षर माझं, वाचायला लावलं मीच.

ती म्हणाली, "कान चांगला आहे हो तुमचा. पहिल्यापासून." तिचे डोळे भरले होते आणि तोंडावर हसू होतं, त्यातलं खरं कोणतं हे मला ठरवता येईना. "आणि मार्क वाढले की माझे. तेव्हा सहा होते."

मी म्हटलं, "वासंती, चुकलो गं मी." चारचौघांत. तिला नावाने हाक मारून किती वर्षं झाली कोण जाणे.

आप्पा म्हणाले, "अरेच्चा! म्हणजे दुपारचा रेडिओ तो हा होय! मग आता संध्याकाळचाही लावा." मग सगळे हसले. मीही. नंतर आंबोळ्या झाल्या. आज त्यांना मार्क दिले नाहीत.

२ डिसेंबर, सोमवार

दीपकला फोन केला, डबा परत पाठवतो. म्हणाला, "भावोजी, आवडला नाही का?" मी म्हटलं, बरा आहे, पण जागा नाही. तो इतका हसला, की त्यालाही सगळं आधीपासून माहीत होतं हे मला कळलं. ही ताईला भाऊबीजेची ओवाळणी म्हणे.

रघूकडे त्याचा डबा नेऊन दिला. म्हटलं, चांगला बांधला आहेस, खरंच चांगला. तो म्हणाला, "मग मार्क?" मी म्हटलं, पास. पंचवीस वर्षांचं दुकानदार पोर, मान खाली घालून बटणं चाळवत बसलं. लगेच काही निघवेना मला तिथून.

शाळेत काशीराम भिंगं पुसताना स्वतःशीच एकदा "व्हय म्हाराजा" म्हणाला, एवढंच.

८ डिसेंबर, रविवार

रॅक रद्द. स्पीकर खिडकीकडे सरकवले. तिथे आवाज भिंतीवर आदळतो, आदळू दे. कोपरा तंबोऱ्याचा.

वासंती रोज सकाळी साडेसहाला बसते. मला पुढच्या खोलीत यायला मनाई आहे, म्हणून मी स्वयंपाकघरात असतो आणि चहा करतो. आज पंचम उतरला, मला आतून ऐकू आला. मी तोंड उघडलं, मग साखरेचा डबा उघडला. पुढच्या वेळी तिनेच तो पुन्हा लावला आणि बरोबर लागला.

ही वही आता कपाटात ठेवत नाही. ओट्यावरच असते. हळदीचे डाग पडायचे तर पडू देत.

रियाज झाल्यावर चहा नेऊन दिला. एक्कावन्न वर्षांत स्वतः आलं ठेचून केलेला हा माझा आठवा चहा. ती एक घोट प्यायली. मी उभाच होतो. मग विचारलं, कसा झालाय?

तिने पेल्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सहा," म्हणाली.

वाईट वाटलं. खरंच वाटलं, आणि दिवसभर ते गेलं नाही. उद्या पुन्हा करणार आहे.